धानाची बांधी आणि जमा झालेली बंदूक

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, हे आपण ऐकून असतो. पण लाखनी-साकोलीच्या धानपट्ट्यात या रिवाजाची झळ वेगळी आहे. 2009, 2014, 2019 आणि 2024 या चारही वर्षी विधानसभेचे मतदान ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाले. नेमका तोच काळ धान पिकण्याचा आणि रानडुकरांचे कळप बांधीत उतरण्याचा! रानडुकराला आचारसंहिता लागू नसते.

1959 च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. अर्थात परवाना म्हणजे मोकळे रान नव्हे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कमरेला उघडे पिस्तूल लावून बाजारात हिंडता येते. आपल्याकडे 2016 च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी बंदूक आवरणातच न्यावी लागते, ती परजण्यास मनाई आहे. मला हे योग्यच वाटते. मतदाराच्या मनावर धाक नको.

खटकतो तो सरसकटपणा. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 साली त्यावरच बोट ठेवले. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने प्रकरणे तपासावीत, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत सापडलेले यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, अशी निवडणूक आयोगाची पद्धत आहे.

ठाण्यातला हवालदार हुकुमाचा ताबेदार, आणि शेतकरी पिकाचा राखणदार. त्यांच्यात वाद कशाला? समितीने कागद नीट वाचले, तर मतपेटीही सुरक्षित राहील आणि धानही घरी येईल.