तिकीट क्रमांक ३७३

सातबारा काढायला गेलात तर नुसता गट क्रमांक सांगून भागत नाही. ११२ नंबरचा गट तालुक्यातल्या कितीतरी गावांत सापडेल. गाव आणि गट क्रमांक ही जोडी मिळूनच जमीन ओळखली जाते. डेटाबेसमध्ये अशा जोडओळखीला कंपोझिट प्रायमरी की म्हणतात. जँगो या पायथॉनमधल्या मुक्त वेब फ्रेमवर्कमध्ये ही सोय हवी, अशी मागणी २००५ साली नोंदवली गेली. तिकीट क्रमांक ३७३. सोय आली एप्रिल २०२५ मध्ये, ५.२ या आवृत्तीत.

मी जँगो शिकवतो. हा वीस वर्षांचा आकडा वर्गात सांगितला की मुलं हमखास विचारतात, "सर, मग हे लोक करतात काय?" या एका प्रश्नाच्या पोटात बरेच गैरसमज दडलेले असतात.

गैरसमज: जँगो कुठल्यातरी कंपनीचं आहे, तिथले साहेब ठरवतात

जँगोचा जन्म एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं शहर आहे. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड'मध्ये एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये बातम्यांच्या वेबसाइट झटपट उभ्या करण्यासाठी हे काम सुरू केलं. जुलै २००५ मध्ये ते बीएसडी परवान्याखाली सर्वांना खुलं झालं. नाव गिटारवादक जँगो राइनहार्टचं. २००८ मध्ये जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

सुरुवातीला होलोव्हाटी आणि त्यांचे सहकारी जेकब काप्लान-मॉस यांचा शब्द अखेरचा होता. जानेवारी २०१४ मध्ये दोघांनी तो मान स्वतःहून सोडला. २०२० मध्ये तर 'कोअर डेव्हलपर' हा विशेष अधिकारांचा गटच बरखास्त झाला. आज निवडून आलेलं एक छोटं मंडळ तांत्रिक दिशेकडे लक्ष ठेवतं. देणग्यांच्या पैशातून 'फेलो' नेमले जातात आणि त्यांना मानधन मिळतं. आलेली तिकिटं तपासणं, इतरांचा कोड वाचणं, सुरक्षेच्या त्रुटी बुजवणं, आवृत्ती वेळेवर बाहेर काढणं हे त्यांचं काम. नवी सुविधा घ्यायची की नाही, याचा हुकूम ते सोडत नाहीत.

गैरसमज: जास्त लोकांनी मागितलं की सुविधा येते

तिकिटाखाली 'मलाही हवं' असं शंभर जणांनी लिहिलं, तरी त्यातून एक ओळही कोड तयार होत नाही. विचारलं जातं ते वेगळंच. ही गोष्ट जँगोच्या बाहेर, स्वतंत्र पॅकेज म्हणून राहू शकते का? राहू शकत असेल तर आधी तिथे वापरात मुरू द्या.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे मायग्रेशन. टेबलाची रचना बदलली की डेटा न गमावता डेटाबेसही बदलण्याची ही सोय आज कुणालाही गृहीत धरावीशी वाटते, पण पहिली कितीतरी वर्षं ती जँगोत नव्हती. अँड्र्यू गॉडविन यांचं 'साउथ' नावाचं स्वतंत्र पॅकेज लोक वापरायचे. २०१३ मध्ये त्यांनी ते काम नव्याने, थेट जँगोच्या आत करण्यासाठी अडीच हजार पौंडांचं आवाहन केलं. जमले जवळजवळ अठरा हजार. सप्टेंबर २०१४ मध्ये १.७ आवृत्तीत मायग्रेशन आलं. 'साउथ' वापरताना लोकांना कुठे ठेच लागते, हे तोवर ठाऊक झालं होतं. त्या ठेचा नव्या रचनेच्या कामी आल्या.

आता ३७३ कडे परत येऊ. ओळख एकाच रकान्यात असते, हे जँगोने पहिल्या दिवसापासून गृहीत धरलं होतं. फॉरिन की (एका टेबलातून दुसऱ्याकडे जाणारा दुवा), ॲडमिन या तयार व्यवस्थापन-भागातल्या पानांचे पत्ते, सगळं त्या गृहीतकावर उभं. जुन्या वाड्याचा आधाराचा खांब बदलायचा तर आधी टेकू लावावे लागतात, तसं हे काम. म्हणूनच ५.२ मध्ये सोय आली तीही मर्यादा ठेवून: जोडओळख असलेलं मॉडेल, म्हणजे टेबलाचं जँगोतलं रूप, त्या आवृत्तीत ॲडमिनमध्ये नोंदवता येत नाही आणि दुसऱ्या मॉडेलची फॉरिन की त्याच्याकडे बोट दाखवू शकत नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. जे पक्कं झालं तेवढंच दिलं, बाकीचं स्पष्ट लिहून ठेवलं.

गैरसमज: पुढच्या आवृत्तीत काय येणार, हे आधीच ठरलेलं असतं

ठरलेली असते तारीख. साधारण दर आठ महिन्यांनी नवी आवृत्ती निघते आणि दर दोन वर्षांनी एक आवृत्ती तीन वर्षांच्या दीर्घ आधाराची असते. एसटी वेळेवर सुटते. ज्याचं गाठोडं बांधून झालं नाही, त्याने पुढच्या गाडीची वाट पाहायची. गाठोड्यात कोडबरोबर चाचण्या आणि दस्तऐवज असावेच लागतात. त्यांच्याशिवाय सुविधा आत घेतली जात नाही.

गैरसमज: ट्युटोरियल म्हणजे सोपं काम, शेवटी कुणीही लिहून टाकतं

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण माझ्या वर्गातली सगळी मुलं जँगोत याच दारातून येतात.

जँगोच्या अधिकृत ट्युटोरियलमध्ये मतदानाचं एक छोटं ॲप आठ भागांत बांधलं जातं. एक प्रश्न, त्याचे पर्याय आणि प्रत्येक पर्यायाला पडलेली मतं. पहिल्याच भागात शिकणारा सर्व्हर सुरू करतो, ब्राउझर उघडतो आणि बऱ्याचदा त्याला '४०४, पान सापडलं नाही' दिसतं. कारण साधं असतं. पत्त्याच्या शेवटी 'पोल्स' लिहायचं राहिलेलं असतं. ट्युटोरियलमध्ये नेमक्या त्या जागी एक छोटी सूचना आहे: पान सापडलं नाही तर आपण साइटच्या मूळ पत्त्यावर तर गेलो नाही ना, ते बघा. अनुभवी माणसाला अशी ओळ लिहायचं सुचत नाही, कारण तो तिथे कधी अडखळतच नाही.

पाचवा भाग तर मुद्दाम वाचण्यासारखा आहे. दुसऱ्या भागात 'प्रश्न नुकताच प्रसिद्ध झाला का' हे सांगणारी एक पद्धत लिहून घेतलेली असते. तिच्यात एक चूक जाणूनबुजून राहू दिलेली आहे. महिनाभराने प्रसिद्ध होणार असलेला प्रश्नसुद्धा ती 'नुकताच प्रसिद्ध' म्हणते. पाचव्या भागात आधी चाचणी लिहायची, ती नापास होताना बघायची, मग चूक दुरुस्त करायची. चाचणी का लिहावी यावर तासभर व्याख्यान दिलं तरी जे पोचत नाही, ते पडद्यावरच्या त्या एका नापास चाचणीने पोचतं.

मग सगळं बरोबर आणि सगळं पहिल्याच दिवशी का शिकवत नाहीत? मत नोंदवण्याची ओळ बघा. समजा एका पर्यायाला १७ मतं आहेत. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं. दोघांच्याही विनंतीने १७ वाचले, दोघांनीही १८ लिहिले. एक मत हवेत विरलं. बरीच वर्षं ट्युटोरियलमध्ये हीच सरळ बेरीज होती आणि खाली धोक्याची टीप होती. पुढे त्या बेरजेच्या जागी डेटाबेसलाच 'आहे त्यात एक मिळव' असं सांगणारी ओळ आली. नवख्यासमोर आधी सोपं ठेवायचं की आधी निर्दोष, या प्रश्नाला कायमचं एक उत्तर नाही. प्रत्येक ओळीपाशी तो नव्याने सोडवावा लागतो.

गैरसमज: सुविधा मोठ्यांसाठी, ट्युटोरियल लहानांसाठी, दोघांचा संबंध नाही

२०१७ पर्यंत तिसऱ्या भागात पोचलेल्या मुलाला पानाचा पत्ता रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुराचा साचा सांगणाऱ्या चिन्हभाषेत, लिहावा लागे. प्रश्नाचा क्रमांक पकडायचा एवढंच काम, पण त्यासाठी सुरुवातीला टोपीचं चिन्ह, मग कंस, प्रश्नचिन्ह, कॅपिटल पी, कोनी कंसात नाव, चौकटी कंसात शून्य ते नऊ, अधिक आणि शेवटी डॉलर. एक चिन्ह चुकलं की पान गायब. डिसेंबर २०१७ मध्ये २.० आवृत्तीत पत्ता लिहिण्याची नवी रीत आली: कोनी कंसात 'इंट', विसर्गासारखी दोन टिंबं आणि नाव. संपलं. जुनी रीत गरजेपुरती शिल्लक ठेवली आणि ट्युटोरियल नव्या रीतीने पुन्हा लिहिलं. नवशिक्याला जिथे धडकी भरायची, तिथे अनुभवी लोकांचेही तास वाया जात होतेच. एखादी गोष्ट शिकवताना समजावून सांगायला पाच परिच्छेद लागत असतील, तर दोष बहुधा शिकणाऱ्याचा नसतो, रचनेचा असतो.

गैरसमज: आपण अजून शिकतोय, आपण काय हातभार लावणार

जँगोच्या दस्तऐवजात पहिलं योगदान कसं द्यावं याचंही ट्युटोरियल आहे. त्यात 'टोस्ट बनवा' अशी एक काल्पनिक सुविधा, तितक्याच काल्पनिक ९९९९९ क्रमांकाच्या तिकिटासाठी, आपण स्वतः लिहितो. आधी चाचणी, मग कोड, मग दस्तऐवज. त्या चार-पाच ओळींत खऱ्या सुविधेचा सगळा प्रवास होऊन जातो. हातभार कोडचाच असायला हवा असंही नाही. २०१४ मध्ये बर्लिनला ओला सितार्स्का आणि ओला सेंदेत्स्का यांनी 'जँगो गर्ल्स'ची पहिली कार्यशाळा घेतली ती कधी कोड न लिहिलेल्या मुलींसाठी, आणि त्यासाठी लिहिलेलं ट्युटोरियल आज जगभर वापरलं जातं.

आपल्यासाठी एक दार तर घराशेजारीच आहे. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. ॲडमिनमधली बटणं, फॉर्ममधल्या चुकांचे संदेश यांचं मराठी भाषांतर ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात. 'ही माहिती आवश्यक आहे' म्हणावं की 'हे भरणं गरजेचं आहे', हे ठरवायला पायथॉन यावं लागत नाही, चांगलं मराठी यावं लागतं.

तेव्हा आज रात्री ट्युटोरियल उघडलंत आणि एखाद्या पायरीपाशी अडलात, तर पुढे जाण्याआधी एवढं करा: कोणत्या भागातल्या कोणत्या वाक्यानंतर अडलात, पडद्यावर काय यायला हवं होतं आणि काय आलं, हे वहीत लिहा. तशी अडचण आधी कुणी नोंदवली आहे का ते शोधा. नसेल तर तिकीट उघडा. पंधरा दिवसांनी सगळं सरावाचं होईल आणि नेमकं कुठे अडलो होतो ते आठवणार नाही, म्हणून आजच लिहा.