बारीक माणसाला डायबेटिस कसा?

अमेरिकेत २०११ ते २०१६ मधल्या राष्ट्रीय पाहणीत, वयाचा फरक जुळवून घेतल्यावर, सुमारे १२ टक्के गोऱ्या प्रौढांना डायबेटिस होता. आशियाई वंशाच्या प्रौढांमध्ये सुमारे १९ टक्के. आणि गंमत बघा, आशियाई मंडळी वजनाने तुलनेत हलकी!

उत्तराचा एक धागा पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२!

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग. त्यात चरबी किती, स्नायू किती, हे त्या सूत्राला कळतच नाही. सगळ्यांना एकच 'इफ' कंडिशन लावली, की आपली माणसं तपासणीतून सुटतात. म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बीएमआय मर्यादा २५ वरून २३ वर आणली.

तिकडे तुमचा भाऊ-वहिनी असतील तर आज फोन करून विचारा: 'बारीक आहे' म्हणून शुगर तपासायची राहिली नाही ना?