जुन्या संगणकांचा वापर आणि त्याचे पर्यावरणीय मूल्य : एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेच्या नूतनीकरणाचा विचार प्रायः निधीच्या अंगाने केला जातो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने थांबल्यापासून हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. जुना संगणक अधिक वीज घेतो, म्हणून तो बदलणे पर्यावरणास हितकारक ठरते, असाही युक्तिवाद केला जातो. त्याची ग्राह्यता तपासणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

निर्मितीचा भार

संगणकाचा पर्यावरणीय भार केवळ वीजदेयकातून कळत नाही. एरिक विल्यम्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, घरगुती वापरातील डेस्कटॉप संगणकाच्या जीवनचक्रातील एकूण ऊर्जेपैकी ८१ टक्के ऊर्जा निर्मितीतच खर्च होत असे; प्रत्यक्ष वापराचा वाटा १९ टक्के होता. अर्धवाहक चिपांच्या निर्मितीस लागणारी अतिशुद्ध द्रव्ये व नियंत्रित वातावरण हे यामागील एक प्रमुख कारण होय.

वापराचा हिशेब

तथापि प्रयोगशाळेतील संगणक घरातील संगणकापेक्षा अधिक तास चालतो आणि भारतातील वीज मुख्यतः कोळशापासून निर्माण होते. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो. वर्षातील २२० दिवस, रोज ८ तास वापर गृहीत धरल्यास सीआरटी मॉनिटरसह १५० वॅट घेणारा संच वर्षाला २६४ युनिट वीज वापरतो. ३० वॅटच्या लॅपटॉपला सुमारे ५३ युनिट पुरतात. म्हणजेच बदलामुळे वार्षिक उत्सर्जन सुमारे १४८ किलोंनी घटते. लॅपटॉपच्या निर्मितीतील उत्सर्जन २५० किलो मानल्यास त्याची भरपाई दोन वर्षांच्या आत होते.

याउलट जुना संच एलसीडी मॉनिटरसह ६० वॅटच घेत असेल, तर वार्षिक बचत केवळ ३७ किलो होते व भरपाईस सुमारे सात वर्षे लागतात. रोजचा वापर दोन तासांचाच असल्यास हा कालावधी चौपट होतो. तोवर नवा लॅपटॉपही कालबाह्य ठरण्याचा संभव असतो.

विल्हेवाटीचा प्रश्न

२०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याच्या रीतसर संकलन व पुनर्चक्रणाची नोंद आढळते. सीआरटीच्या काचेत शिसे असल्याने असे मॉनिटर भंगारात न विकता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपविणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

सारांश, संगणकाचे वय हा निर्णयाचा निकष होऊ शकत नाही. वीजवापर व वापराचे तास हेच खरे निकष होत. खरेदीचा प्रस्ताव मांडण्यापूर्वी प्रत्येक संचाची वॅटमापकाने नोंद घ्यावी. सीआरटी मॉनिटर प्रथम बदलावेत. अन्य संचांत मेमरी वाढवावी, एसएसडी बसवावी आणि सी-डॅकच्या बॉस लिनक्ससारखी मुक्त प्रणाली वापरून पाहावी. सुरक्षा-अद्यतनांविना संगणक महाजालाशी जोडलेला ठेवणे मात्र काटकसरीच्या नावाखालीही समर्थनीय ठरत नाही.