जुनी तीनचाकी घेताना



दर वर्षी पावसाळा ओसरला की माझ्याकडे दोन प्रकारच्या चिठ्ठ्या जमू लागतात. एक पाड्यावरून येते : ‘पोरीला हाताने चालवायची सायकल पाहिजे.’ दुसरी शहरातल्या हितचिंतकांची असते : ‘घरात एक तीनचाकी पडून आहे, कुणाच्या उपयोगी पडेल का?’ या दोन चिठ्ठ्यांची गाठ घालून देणे हे माझे काम. जव्हार-मोखाड्याच्या चढउताराच्या रस्त्यांवर चुकीची सायकल दिली, तर ती महिनाभरात पडवीत टेकते आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागतात. ब्रेक नसलेली दिली, तर माणूस उतारावर जखमी होतो. म्हणून जुनी तीनचाकी कशी पारखायची, हे या अंकात सविस्तर लिहीत आहे.

आधी सरकारी वाट पाहावी

विकत घेण्याआधी एक गोष्ट अवश्य करावी. केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्यातून उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या दिव्यांग व्यक्तीला तीनचाकी, चाकाची खुर्ची, कुबड्या अशी साधने मिळतात. त्यासाठी निदान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. बॅटरीवर चालणारी तीनचाकी हवी असेल, तर दिव्यांगत्व ८० टक्के आणि वय १६ वर्षे पूर्ण लागते. शिवाय आपल्या राज्यात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभे राहून त्याचा हिशेब विचारायला लाजू नये.

मग जुनी कशाला घ्यायची? कारण कुणाचे कार्ड अजून झालेले नसते, कुणाचे शिबिर हुकते, कारण त्या दिवसांत घरचे सगळे वीटभट्टीवर गेलेले असतात. कॉलेज मात्र जूनमध्येच सुरू होते. मधले वर्ष निभावायला जुनी सायकल कामी येते. अर्ज मात्र चालू ठेवावा.

हिशेब

एका सायकलमागे आम्ही ४,००० रुपये धरतो. त्यातले २,५०० पर्यंत खरेदीला, १,००० दुरुस्तीला, ३०० टेम्पोच्या भाड्याला आणि २०० पहिल्या वर्षाच्या ट्यूब-तेलाला. विकणारा ३,५०० ला ‘एकदम तयार’ सायकल देतो म्हणाला, तरी मी दुरुस्तीचे पैसे हातचे सोडत नाही. जुन्या सायकलीला पहिल्या दोन महिन्यांत काहीतरी लागतेच. तेव्हा पैसे नसले, की शंभर-दीडशे रुपयांच्या ट्यूबसाठी अख्खी सायकल उभी राहते.

सायकलीआधी माणूस मोजावा

खरेदीला निघण्याआधी मी टेप घेऊन पाड्यावर जातो. चार मापे घेतो. बसल्यावर कमरेची रुंदी किती. तिला दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटे जागा सोडली की बैठकीची रुंदी मिळते. पाठीच्या टेक्यापासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचे अंतर. बैठक त्यापेक्षा तीन बोटे आखूड हवी, नाहीतर कडा पायात रुतते. गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी, म्हणजे पाय लोंबकळणार नाहीत. आणि हाताचा पल्ला. दांडा सर्वांत लांब गेला, तरी कोपर जरा वाकलेले राहिले पाहिजे आणि पाठ टेक्यावरून सुटता कामा नये. पाठ सुटत असेल, तर दिवसाअखेर खांदा निकामी होतो.

याशिवाय दोन प्रश्न विचारतो. कोणता हात जास्त जोरकस? बऱ्याच सायकलींना एकाच बाजूला दांडा असतो आणि दुसऱ्या हाताने दिशा सांभाळायची असते, म्हणून डावी-उजवी पाहूनच घ्यावी लागते. दुसरा प्रश्न, जमिनीवरून बैठकीवर कसे चढणार? आमच्याकडची अनेक माणसे घरात हातांवर सरकत चालतात. त्यांना उंच बैठक म्हणजे रोजची चढाई. मणक्याला मार लागून ज्यांच्या पायांतली, कमरेखालची संवेदना गेली आहे, त्यांच्यासाठी जाड गादी पहिल्या दिवसापासून हवी. त्यांना जखम होताना कळत नाही, म्हणून कडक फळीवर बसवणे धोक्याचे.

रस्ताही मोजावा. घरापासून डांबरीपर्यंत पायवाटच असेल, तर सायकल रस्त्याकडेच्या घरी ठेवायची सोय होते का ते आधी विचारावे.

सांगाडा सर्वांत आधी

साधी सायकल वळताना कलते. तीनचाकी कलत नाही. त्यामुळे वळणावरचा सगळा आडवा जोर चाकांच्या तारांवर आणि सांगाड्याच्या जोडांवर येतो. जुन्या तीनचाकीचे बहुतेक आजार तिथूनच सुरू होतात.

मी प्रथम बैठक काढायला लावतो. बैठकीखालचे वेल्डिंग, मागच्या चाकांच्या आसाजवळचे जोड आणि पुढच्या हँडलची नळी जिथे सांगाड्याला मिळते ती जागा बोटाने चाचपतो. रंगाला फुगा आला असेल, तर खाली गंज आहे. पान्याने हलके ठोकावे; खणखणीत आवाज आला तर ठीक, भदभद आला तर नळी आतून खाल्लेली. मग एक सुतळी घेऊन पुढच्या चाकाच्या आसाच्या मध्यापासून मागच्या दोन्ही चाकांच्या आसापर्यंतचे अंतर मोजावे. पुढचे चाक सरळ धरून दोन्ही अंतरे सारखी भरली पाहिजेत. नंतर मागच्या दोन चाकांमधले अंतर आसाच्या उंचीवर पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला मोजावे. त्यात सेंटिमीटरभर फरक असेल, तर टायर घासत चालतात, सायकल जड ओढते आणि टायर लवकर झिजतात.

मागच्या हिवाळ्यात एकाच दिवशी दोन तीनचाक्या पाहिल्या. एक नव्याने रंगवलेली, चकचकीत, २,२०० ला. दुसरी गंजकी, बैठकीचे रेक्झिन फाटलेले, १,८०० ला. सोबतच्या दादांचे मन पहिलीवर बसले होते. सुतळी लावली तेव्हा पहिलीच्या दोन बाजूंत तीन बोटांचा फरक निघाला. कधीतरी धडक बसून सांगाडा पिळलेला. दुसरीचा गंज वरवरचा होता. आम्ही दुसरी घेतली. गंज घासता येतो, बैठक शिवता येते; पिळलेला सांगाडा गावातल्या भट्टीवर सरळ होत नाही.

चाके, चेन, ब्रेक

चाक उचलून फिरवावे आणि रिमजवळ खडू धरावा. एकाच जागी रेघ उमटली, तर दुकानात आऊट काढून मिळते. रिमला चीर असेल, तर रिम बदलण्याचा खर्च धरावा. चाक हाताने आडवे हलवून पाहावे. खडखडले तर छर्रे किंवा आस गेला. टायरचे माप नक्की वाचावे. तालुक्याच्या दुकानात जे माप मिळत नाही, त्या चाकाची सायकल फुकट मिळाली तरी मी घेत नाही.

चेन मोजणे सोपे आहे. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या सव्वाबारा नव्हे, बारा आणि वर एक अष्टमांश इंच भरल्या, तरी चेन संपली समजावे; बहुधा दातेही झिजलेले असतात. तेव्हा चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदलावी. नवी चेन झिजलेल्या दात्यांवर घसरते, आणि ती नेमकी चढावर घसरते.

आपल्याकडच्या चढांसाठी एक स्वस्त उपाय सांगतो. मागे १८ दात्यांची फ्रीव्हील असेल, तर तिथे २२ दात्यांची बसवावी. हाताला लागणारा जोर सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतो. सपाटीवर वेग तेवढाच घटतो, पण चढावर थांबून कुणाला हाक मारावी लागत नाही. चेनला एक-दोन कड्या जोडाव्या लागतात.

ब्रेकची परीक्षा रिकाम्या सायकलीवर करू नये. ५० किलोचे तांदळाचे पोते बैठकीवर ठेवून उतारावर धरून पाहावे. चालताना लावायचा ब्रेक वेगळा आणि उभी असताना लावायची कळ वेगळी. कळ नसेल, तर चढता-उतरताना सायकल मागे सरकते आणि माणूस पडतो. वेल्डिंगवाल्याकडून कळ बसवून घेतल्याशिवाय मी सायकल ताब्यात देत नाही.

शहरातल्या ‘आडव्या’ तीनचाकीबद्दल

मुंबई-पुण्याकडून कधीकधी दुसऱ्याच प्रकारच्या तीनचाकीची विचारणा होते. पाठ मागे टेकून, पाय पुढे लांबवून पायांनी चालवायची, जमिनीलगत बैठक असलेली. तोल राहत नाही पण पायांत जोर आहे, अशा व्यक्तीला सपाट रस्त्यावर ती फार सुखाची. पाड्यावर मात्र तीन अडचणी येतात. बैठक इतकी खाली असते की दगड घासतात आणि उठायला आधार लागतो. बहुतेकींत चेन पुढून मागपर्यंत जाते, म्हणून साध्या दोन-तीन चेन जोडाव्या लागतात. आणि गिअरचे सुटे भाग शहरातच मिळतात. अशी सायकल असेल, तर शहरात राहणाऱ्या गरजू व्यक्तीला द्यावी, असे मी नम्रपणे सुचवतो.

कुणाकडून घ्यावी

बहुतेक चांगल्या जुन्या सायकली ज्या घरातला वापरणारा आता राहिला नाही, अशा घरांतून येतात. तिथे घासाघीस करू नये. सायकलीवर सरकारी योजनेचे नाव असेल, तर ती विकायची वस्तू नव्हे; तशी सायकल मी पैसे देऊन घेत नाही. एखादे कुटुंब अडचणीपोटी वापरातली सायकल विकायला काढत असेल, तर आधी अडचण विचारावी. एकाचे पाय काढून दुसऱ्याला देण्यात काय पुण्य? प्रत्येक खरेदीची साध्या कागदावर पावती करावी, दोघांची सही किंवा अंगठा घ्यावा.

आणि शेवटची परीक्षा जिची सायकल तिनेच करायची. ‘दादा, ही माझ्याच्याने ओढत नाही’ असे तिने म्हटले, की मी सायकल परत पाठवतो. फुकट मिळते आहे म्हणून कुणी गप्प बसू नये.

हितचिंतकांना विनंती : आपल्याकडे तीनचाकी असेल तर पाठवण्याआधी बैठकीची रुंदी, दांडा डावा की उजवा, टायरवर छापलेले माप आणि कळ आहे की नाही, एवढे चार तपशील पोस्टकार्डावर लिहून कळवा. यादीत कुणाला ती बसते हे पाहून टेम्पो धाडतो. सध्या यादीत नऊ नावे आहेत. त्यांतल्या तिघींना येत्या जूनमध्ये कॉलेजला जायचे आहे.