मधुमेह आणि एकादशीचा उपवास

एकादशीला सकाळी नुसता चहा आणि दुपारी ताटभर साबुदाण्याची खिचडी, असा अनेक घरांतला उपवास. मधुमेहींना तो दोन्हीकडून बाधतो. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर उतरते. दरदरून घाम सुटतो, हातपाय थरथरतात. पुढे खिचडीने ती झपाट्याने चढते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा दर तीन तासांनी थोडे थोडे खावे: ताक, मूठभर भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर. वरीचा भात अर्धी वाटीच. साखर ७० च्या खाली गेल्यास मात्र तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी (ती उपवासाला चालतेच!) व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. औषधाची मात्रा डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारावी.