खोकल्यातला जोर

कंपवात म्हटलं की नजर आधी हाताकडे जाते. १८१७ मध्ये लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला तो सहा माणसांच्या आधारे, आणि त्यांतली काही त्यांना रस्त्यातच दिसली होती. थरथर, पुढे झुकलेलं अंग, घाईची लहान पावलं. आजही घरच्यांना हेच दिसतं. छातीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

मेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशी घटल्या की शरीर ताठरतं. मनगटात, गुडघ्यात जाणवणारा हा ताठरपणा फासळ्यांमधल्या स्नायूंतही उतरतो. त्यात पाठीला पोक आलं की छातीचा भाता नीट उघडत नाही, नीट मिटतही नाही. आवाज खोल जातो, बोलणं मध्येच तुटतं आणि खोकल्यातला जोर जातो. मला सगळ्यांत काळजी वाटते ती या खोकल्याची. घास किंवा लाळ श्वासनलिकेत उतरली तर ती बाहेर फेकतो तो जोरकस खोकलाच. तसं काही फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया हे या आजारातल्या मृत्यूंचं एक प्रमुख कारण आहे.

म्हणून श्वास सोडण्याच्या स्नायूंना व्यायाम हवा. त्यासाठी नळीसारखं एक उपकरण मिळतं. आत स्प्रिंगची झडप असते, पुरेशा जोराने फुंकल्याशिवाय ती उघडत नाही. अमेरिकेत ६० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. चार आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज वीस मिनिटं. निम्म्यांच्या उपकरणात स्प्रिंगच नव्हती. खऱ्या झडपेवर फुंकणाऱ्यांचं गिळणं अधिक सुरक्षित झालं. आपल्याकडे घरोघरी असलेलं तीन चेंडूंचं यंत्र मात्र श्वास आत ओढण्यासाठी आहे. त्याने छाती फुलते, खोकल्याची ताकद त्यावर मिळवता येत नाही.

चालण्याचं काय? नुसतं फुंकून पाय सुटत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. उंबऱ्याशी पाऊल गोठतं तेव्हा उपयोगी पडतो तो ताल: मोठ्याने मोजलेले आकडे, जमिनीवर आखलेल्या पट्ट्या. पण कूस बदलताना, खुर्चीतून उठताना अनेक जण श्वास कोंडून धरतात. पुढे वाकून, श्वास सोडत उठलं तर ते सोपं जातं. बसल्या बसल्या हात वर नेत श्वास घेणं आणि धड वळवत सोडणं, यात छाती आणि पाठ दोन्ही मोकळ्या होतात. कंपवाताच्या गोळीचा अंमल असतानाच हे व्यायाम करावेत. रक्तदाब किंवा हर्निया असेल, किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर फुंकण्याचं उपकरण डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. पुढच्या भेटीत डॉक्टर शुभार्थीला हात पुढे करायला सांगतील, चार पावलं चालायला लावतील. जेवताना ठसका किती वेळा लागतो, हे त्यांनी विचारलं नाही तरी शुभंकराने आपण होऊन सांगावं.