गोठ्याचा जुना कोबा दुरुस्त करताना



दिवाळी सरली, खरिपाचा माल घरात आला की आपल्याकडे घरादाराच्या दुरुस्तीची कामे निघतात. काँक्रीटच्या कामाला हे दिवस चांगले. ऊन सौम्य असल्याने कोबा लवकर वाळून तडकत नाही आणि जनावरे काही आठवडे बाहेर झाडाखाली बांधता येतात. गोठ्याच्या कोब्याचे काम याच काळात उरकावे. मात्र ते करताना अनेक ठिकाणी एक चूक होते. घराचा कोबा आणि गोठ्याचा कोबा एकच समजला जातो.

ही चूक आमच्याही घरी झाली. २०१२ साली वडिलांनी गोठ्याचा उखडलेला कोबा नव्याने करून घेतला. गवंडी हाताचा चांगला होता. त्याने वरून सिमेंट भुरभुरले, थापीने घोटून घोटून फरशीला आरशासारखी चकाकी आणली. शेजारीपाजारी पाहायला आले. पहिल्या पावसात शेण, मूत्र आणि पाणी एकत्र झाले. सात महिन्यांची गाभण गाय उठता उठता मागच्या दोन्ही पायांत फाकली, ती पुन्हा उभी राहिली नाही. डॉक्टरांनी चार दिवस उपचार केले, परंतु उपयोग झाला नाही. मी त्या वेळी कृषी पदवीच्या वर्गात होतो. पिकांचे सारे अंतर पाठ होते, पण गाईच्या पायाखाली काय असावे याचा विचार कधी केला नव्हता.

घसरड्या गोठ्याचे नुकसान दर वेळी असे डोळ्यांसमोर घडत नाही. पाय घसरण्याच्या भीतीने जनावर आखडून, लहान पावले टाकत चालते. तीन पायांवर उभे राहून अंग चाटणे टाळते. मुक्त संचार गोठ्यात तर माजावरची गाय दुसरीवर उडी घेण्यास कचरते. माज दिसत नाही म्हणून रेतन चुकते आणि दोष मात्र गाईला किंवा खुराकाला दिला जातो. याउलट फरशी फार खरखरीत ठेवली तर खुराचा तळवा झिजून पाय दुखावतात. तेव्हा खुराला पकड मिळेल परंतु खूर सोलणार नाही, असा पृष्ठभाग गोठ्याला हवा.

आधी जुना कोबा तपासा

सरसकट फोडून टाकण्याची घाई करू नये. गोठा धुवून वाळू द्यावा आणि हातोडीने फूट-फूट अंतरावर हलकेच ठोकत जावे. टणक आवाज आला तर कोबा भक्कम आहे. बद्द आवाज आला तर वरचा थर सुटला आहे किंवा खालचा भराव बसला आहे. खिळ्याने ओरखडल्यावर भुकटी निघत असेल तर वरची साय कच्ची आहे असे समजावे. मग दोन बादल्या पाणी ओतून ते कोठे जाते ते पाहावे. नालीकडे न जाता मध्येच डबकी साचत असतील तर उताराचा दोष आहे.

कोबा भक्कम व उतार ठीक असून केवळ गुळगुळीत झाला असेल, तर नवा थर टाकण्याचा खर्च करू नये. फरशी कापण्याच्या यंत्राने त्यातच खाचा पाडून घ्याव्यात. खाच साधारण १ सेंटिमीटर रुंद व तेवढीच खोल असावी आणि दोन खाचांत ३ ते ४ इंच अंतर ठेवावे. कापताना पाणी सोडावे व नाकातोंडावर चांगला मास्क लावावा, कारण काँक्रीटची धूळ फुप्फुसाला घातक असते.

वरचा थरच उखडला असून खालचा पाया शाबूत असेल तर त्यावर नवा थर देता येतो. तो कमीत कमी २ इंच जाडीचा असावा. अर्ध्या-पाऊण इंचाचा सिमेंट-वाळूचा गिलावा देऊन काम भागवण्याकडे अनेकांचा कल असतो. खुरांच्या माऱ्याखाली तो पापुद्र्यासारखा निघून येतो. दोन इंचाने जमीन वर आल्यावर गव्हाण तेवढीच खुजी होते, नालीही अधिक खोल भासते. याचा हिशेब काम सुरू करण्यापूर्वीच करावा.

कोबा जागोजागी खचला किंवा फुगला असेल तर मात्र तो काढून टाकणेच शहाणपणाचे. काळ्या जमिनीत हा प्रकार हमखास आढळतो. आपण जिला कपाशीची भारी जमीन म्हणतो, ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. वर कोबा घातला म्हणून ती आपला स्वभाव सोडत नाही. अशा ठिकाणी काळी माती शक्य तितकी उकरून काढावी, तिच्या जागी मुरूम पाणी मारून सहा-सहा इंचांच्या थरांत धुमसाने ठोकून बसवावा, त्यावर दगडाचे सोलिंग आणि मग ४ इंच काँक्रीट टाकावे. गोठ्याबाहेरचे पावसाचे पाणी पायाशी मुरणार नाही अशी चर काढावी. एवढे केले नाही तर वरचे काम कितीही चांगले झाले तरी फुकट जाते.

नव्या थरासाठी जुनी जमीन तयार करणे

खरी मेहनत येथे आहे आणि मजूर नेमका येथेच हात आखडतो. वर्षानुवर्षे शेणमूत्र मुरलेल्या फरशीवर नवे काँक्रीट चिकटत नाही. प्रथम धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने घासून चिकटपणा काढावा. नंतर छिन्नी-हातोड्याने टाचे मारावेत. कच्ची साय पूर्ण निघून खालची खडी दिसू लागली पाहिजे. चार ठिकाणी टोचे मारून ‘झाले’ म्हणणाऱ्या मजुराला थांबवावे. सुटे तुकडे व धूळ झाडून, धुवून जमीन रात्रभर भिजत ठेवावी. सकाळी साचलेले पाणी पुसून घ्यावे. काँक्रीट टाकण्याच्या ऐन वेळी सिमेंटची दाट रबडी खराट्याने घासून लावावी. ती वाळण्याच्या आत वर काँक्रीट पडले पाहिजे, म्हणून एका वेळी दोन-तीन फुटांचाच पट्टा घ्यावा. जुन्या फरशीत जेथे मोठी भेग किंवा सांधा असेल, तेथेच नव्या थरातही सांधा ठेवावा; नाहीतर ती भेग वर उमटते. घरच्या कोब्यात सांध्याला काचेच्या पट्ट्या बसवतात, त्या गोठ्यात कदापि वापरू नयेत.

दोन इंचाच्या थरासाठी १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू व ३ भाग बारीक खडी घ्यावी. वाळूऐवजी धुतलेली क्रश सँड चालते. १०० चौरस फुटांस सुमारे ४ पोती सिमेंट लागते. चार इंचाच्या नव्या काँक्रीटसाठी १:२:४ प्रमाण घेतल्यास १०० चौरस फुटांस सुमारे ६ पोती लागतात. एका पोत्यास २५ लिटरच्या आसपास पाणी पुरे, वाळू ओली असल्यास त्याहून कमी. पातळ कालवा पसरायला सोपा जातो, पण त्याने काँक्रीट कच्चे राहते. उभे राहण्याच्या साडेपाच फूट लांबीत नालीकडे सव्वा ते दीड इंच उतार द्यावा आणि तो पाण्याच्या नळीने मोजूनच घ्यावा, नजरेने नव्हे. नाली सुमारे फूटभर रुंद, दोन-तीन इंच खोल व गोलसर तळाची ठेवावी. खोल नालीत पाय मुरगळतो.

घोटाई नको, रंधा पुरे

काँक्रीट रंध्याने सपाट करून थांबावे. वर आलेले पाणी आपोआप जिरू द्यावे. ते टिपण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरू नये, त्यानेच पुढे पापुद्रे सुटतात. चांगल्या गवंड्याला चकचकीत केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून त्याला कामाआधीच स्पष्ट सांगून ठेवावे. अंगठ्याने दाबल्यावर थोडासाच ठसा उमटेल इतके काँक्रीट आवळले की मागील पाय टेकतात त्या भागात व चालण्याच्या वाटेवर शंकरपाळ्यासारख्या तिरप्या चौकटी उमटवाव्यात. त्यासाठी १० ते १२ मिलिमीटरच्या सळया जोडून केलेला साचा वापरावा. खाचेच्या कडेला वर आलेली कडा लगेच रंध्याने दाबून घ्यावी. पुढच्या, बसण्याच्या भागात खराट्याच्या हलक्या रेघा पुरतात.

गव्हाणीला मात्र उलटा न्याय लावावा. तेथे घोटाई हवीच, कोपरेही गोल करावेत, म्हणजे शिळा चारा अडकून आंबत नाही. मुरघास घालणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. मुरघासातील आम्ले सिमेंट खातात व काही काळाने गव्हाणीत खडी उघडी पडते. शहाबादी, कडप्पा व कोटा हे दगड चुन्याच्याच जातीचे. चुनखडीच्या मातीवर आम्ल टाकल्यावर जसा फेस येतो, तसे आम्ल त्यांनाही कुरतडते. त्यामुळे गव्हाणीच्या तळाला चकचकीत सिरॅमिक फरशी बसवणे योग्य ठरते.

हल्ली रबरी मॅट सर्रास मिळतात. त्या जनावराला आरामदायक असतात यात शंका नाही, परंतु उखडलेल्या कोब्यावर टाकल्यास खाली मूत्र साचून दुर्गंधी सुटते. आधी कोबा, मग मॅट हाच क्रम ठेवावा.

पाणी आणि प्रतीक्षा

नव्या कोब्यावर दुसऱ्या दिवसापासून ओली गोणपाटे किंवा उसाचे पाचट पसरून ते सतत ओले ठेवावे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, तर बाजारात जास्त मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस पाणी द्यावे. तेवढ्याने फरशी वापरण्याजोगी झाली असे मात्र समजू नये. ताज्या सिमेंटचा तिखट क्षार खूर व सडाची कातडी पोळतो आणि पृष्ठभागावरील बारीक टोके तळवा कापतात. म्हणून २८ दिवस, अगदीच अडचण असेल तर तीन आठवडे तरी जनावरे आत घेऊ नयेत. दुसरी जागा नसल्यास अर्धा गोठा आधी व अर्धा नंतर करावा. जनावरे आत घेण्यापूर्वी काँक्रीटचा जड ठोकळा दोरी बांधून साऱ्या फरशीवर ओढावा, म्हणजे टोके मोडतात. तीन-चार वेळा भरपूर पाण्याने धुवावे आणि पहिले आठ दिवस भाताचा पेंढा किंवा उसाचे पाचट अंथरावे. गाभण गाई सर्वांत शेवटी आत आणाव्यात.